पंचवीस हजार टन ओवा

ब्रिटनमध्ये दर आठवड्याला सुमारे दोन कोटी कोंबड्या कत्तलखान्यात जातात. वर्षाचा हिशेब मांडला तर आकडा ११० कोटींच्या आसपास येतो. त्या देशाची लोकसंख्या सात कोटींच्या आत आहे. म्हणजे तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत दर माणशी वर्षाला सोळा कोंबड्या. हा पक्षी अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचे वजन जेमतेम चाळीस-बेचाळीस ग्रॅम असते आणि पस्तिसाव्या दिवशी ते सव्वादोन किलोच्या घरात पोचते. पाच आठवड्यांत पन्नास पट. तीन किलोंचे बाळ या वेगाने वाढले तर सव्वा महिन्यात दीडशे किलोंचे होईल.

एवढ्या वाढीसाठी एक पक्षी आयुष्यभरात साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. ११० कोटी पक्ष्यांचे मिळून ते होते साडेअडतीस लाख टन, तेही फक्त ब्रॉयलरचे. अंडी देणाऱ्या कोंबड्या, डुकरे आणि गाई यात धरलेल्या नाहीत. या ढिगात टनामागे काही ग्रॅम एखादा पदार्थ मिसळला, तर तो एकाच वर्षात ११० कोटी पोटांत जातो. सत्तर वर्षांपूर्वी असा मिसळलेला पदार्थ अँटिबायोटिक होता. आज त्याची जागा ओवा, ओरेगॅनो, दालचिनी आणि लवंग यांची सुगंधी तेले घेतील, असे सांगितले जाते. खाद्य कंपन्यांची माहितीपत्रके तर ती जागा तेलांनी घेतलीच आहे असे म्हणतात. हा दावा आकड्यांच्या तराजूत घालून पाहायला हवा, कारण या विषयात भावनेपेक्षा ग्रॅम आणि टनच जास्त खरे बोलतात.

अँटिबायोटिक खाद्यात कसे आले ते आधी पाहू. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्युक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे कोंबडीच्या पिलांना जीवनसत्त्व ब-१२ मिळावे म्हणून ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा खाऊ घालत होते. पिले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. चोथ्यात राहिलेले अँटिबायोटिकच हे घडवत होते, हे १९५० मध्ये जाहीर झाले. टनाला पाच-दहा ग्रॅम औषध आणि वजनात सरळ वाढ. ब्रिटनमध्ये तेव्हा युद्धकाळातले मांसाचे रेशनिंग अजून सुरू होते. ते उठले १९५४ मध्ये. मांसाला भुकेलेल्या देशाने १९५३ मध्ये कायदा करून पेनिसिलीन आणि क्लोरटेट्रासायक्लिन डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात डॉक्टरी चिठ्ठीशिवाय मिसळायला परवानगी दिली. त्याच देशात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलीन सापडले होते. आणि त्याच फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात बजावले होते की, औषधाची मात्रा अपुरी दिली तर जिवाणू मरणार नाहीत, उलट ते औषध पचवायला शिकतील. टनाला पाच-दहा ग्रॅम ही बरोबर तशीच अपुरी मात्रा होती, तीही कोट्यवधी पोटांत, जन्मापासून कत्तलीपर्यंत.

ही शिकवणी किती मोठ्या वर्गात चालली होती, हे समजण्यासाठी पोटातले जीव मोजायला हवेत. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्यांतल्या एका ग्रॅम ऐवजात दहा हजार कोटी जिवाणू असतात. असा ऐवज दहा ग्रॅम धरला तर एका पक्ष्याच्या पोटात एक लाख कोटी जिवाणू झाले. ब्रिटनमध्ये कोणत्याही एका दिवशी सुमारे बारा कोटी ब्रॉयलर जिवंत असतात. दोन्हींचा गुणाकार एकावर वीस शून्यांच्या पलीकडे जातो. आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यांची जी नावे दिली आहेत ती एक, दश, शत अशी चढत जाऊन परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. बाराव्या शतकातल्या त्या महागणितीलाही यापलीकडच्या नावाची गरज वाटली नाही. एका मध्यम आकाराच्या देशातल्या कोंबड्यांच्या पोटात, आज, या क्षणी, बाराशे परार्ध जिवाणू आहेत.

यातला ई. कोलाय हा अगदी छोटा हिस्सा आहे. ग्रॅममागे एक कोटी ई. कोलाय धरले तर पक्ष्यामागे दहा कोटी आणि देशभरात १२० कोटी कोटी होतात. जिवाणूचे विभाजन होताना नक्कल करण्यात चूक होते आणि एखाद्या विशिष्ट औषधाला दाद न देणारा बदल साधारण शंभर कोटी विभाजनांतून एकदा घडतो, असे ढोबळ मानले, तर देशभरातल्या ई. कोलायच्या एकाच पिढीत असे सव्वा कोटी जीव जन्माला येतात. औषध नसेल तर ते गर्दीत हरवून जातात. टनाला दहा ग्रॅम औषध सतत असेल तर बाकीचे मागे पडतात आणि यांचेच राज्य येते.

हा झाला निव्वळ चुकीतून शिकण्याचा मार्ग. जिवाणूंना याहून सोपा मार्गही माहीत आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये १९५९ साली साल्मोनेलाची साथ आली. तिचा अभ्यास करताना नओमी दत्ता यांना दिसले की, हा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे चक्क हस्तांतरित होतो. जपानी संशोधकांना हे थोडे आधी सापडले होते, पश्चिमेत ते दत्ता यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. म्हणजे मुळात निरुपद्रवी असलेला कोंबडीच्या पोटातला जिवाणू माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूला आपली विद्या देऊ शकतो. पाठोपाठ लंडनच्याच कॉलिंडेल प्रयोगशाळेतल्या ई. एस. अँडरसन यांनी वासरांमध्ये पसरलेल्या साल्मोनेलाचा एक प्रकार माणसांपर्यंत कसा पोचला, आणि पोचताना अनेक औषधांचा प्रतिकार कसा गोळा करत गेला, ते टप्प्याटप्प्याने मांडले. सरकारला समिती नेमावी लागली. एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख मायकेल स्वान यांचा अहवाल नोव्हेंबर १९६९ मध्ये आला. माणसांच्या उपचारात लागणारी अँटिबायोटिके वाढीसाठी खाद्यात घालू नका, असे त्याचे सार होते. जगात एवढ्या स्पष्टपणे हे सांगणारा तो पहिलाच मोठा सरकारी अहवाल होता, आणि त्याबद्दल ब्रिटनला श्रेय द्यायलाच हवे.

पण त्यात एक फट राहिली. माणसांना न लागणारी अँटिबायोटिके चालतील, असे ठरले. अव्होपार्सिन हे त्यातलेच एक. ते व्हॅन्कोमायसिनचे जवळचे भावंड होते, आणि व्हॅन्कोमायसिन हे रुग्णालयांचे अखेरच्या फळीतले औषध. व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एन्टेरोकॉकसची नोंद १९८८ मध्ये लंडनहून 'लॅन्सेट'मध्ये आली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या संशोधकांना तसेच जिवाणू गोठ्यांतल्या आणि शेडमधल्या जनावरांत सापडले. युरोपीय संघाने अव्होपार्सिनवर १९९७ मध्ये, आणखी चार औषधांवर १९९९ मध्ये आणि उरलेल्या चारांवर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. त्या दिवसापासून वाढीसाठी अँटिबायोटिक हा प्रकार ब्रिटनमध्ये कायद्याने संपला आणि सुगंधी तेलांची बाजारपेठ खऱ्या अर्थाने उघडली.

तेलांचा अभ्यास मात्र ब्रिटनमध्ये त्याच्या खूप आधीपासून चालू होता. स्कॉटलंडच्या एअर शहराजवळ ऑकिनक्रूव्ह येथे शेतकी महाविद्यालय होते. तिथे स्टॅन्ली डीन्स आणि त्यांचे सहकारी रिची यांनी पन्नास वनस्पतींची तेले घेतली, जिवाणूंच्या पंचवीस प्रजाती घेतल्या, प्रत्येक तेलाची चार वेगवेगळी तीव्रता केली आणि एकेक जोडी तपासली. पन्नास गुणिले पंचवीस गुणिले चार म्हणजे पाच हजार जोड्या. हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अँजेलिका या युरोपीय वनस्पतीच्या तेलाने पंचवीसच्या पंचवीस प्रजाती रोखल्या. दालचिनी, लवंग आणि थाइम यांनी प्रत्येकी तेवीस. थाइमच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल, आणि आपल्या ओव्याचा वासही त्याच थायमॉलचा. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून जंतुनाशक थायमॉल काढले जाई. युद्ध पेटल्यावर तो मार्ग तुटला आणि ब्रिटनला त्याची चणचण भासू लागली. पोट दुखले की चिमूटभर ओवा तोंडात टाकणाऱ्या आपल्या आज्यांना जे माहीत होते, त्यावर युरोपातले कारखाने चालत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

ही तेले जिवाणूला कशी मारतात? थायमॉल, ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल, लवंगेतले युजेनॉल हे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, चरबीत सहज शिरतात. जिवाणूचे आवरण चरबीचेच असते. रेणू त्यात घुसतो, आवरण सैल पडते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते, ऊर्जा साठवणारे एटीपी संपते आणि पेशी गळून जाते. अँटिबायोटिक सहसा एकाच कुलपावर चालते. तेल सगळी भिंतच ओली करते. त्यामुळे एका चुकीने जिवाणूची सुटका होणे अवघड असते. मघाचा हिशेब पुन्हा करून पाहा. शंभर कोटींत एक अशी एक चूक पुरत असेल तर पिढीला सव्वा कोटी जीव वाचतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चुका एकाच वेळी लागत असतील तर शक्यता शंभर कोटींच्या वर्गात जाते, आणि देशभरातल्या ऐंशी-एक पिढ्यांत मिळून जेमतेम एक जीव वाचतो. तेलांच्या बाजूने करायचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि तो मला मनापासून पटतो.

आता दुसरे पारडे. बहुतेक मिश्रणांची मात्रा टनाला शंभर ग्रॅमच्या आसपास असते. समजा ते सगळे शुद्ध थायमॉल आहे. साडेअडतीस लाख टन खाद्याला ३८५ टन थायमॉल लागेल. ओव्यात साधारण तीन टक्के तेल आणि त्या तेलात निम्मे थायमॉल धरले, तर ३८५ टनांसाठी पंचवीस हजार टनांहून अधिक ओवा गाळावा लागेल. हेक्टरी एक टन, म्हणजे चांगलेच उत्पन्न, धरले तरी अडीचशे चौरस किलोमीटर जमीन लागते. बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून जास्त जागेत नुसता ओवा, तोही एका देशाच्या फक्त ब्रॉयलरसाठी. हे शेतातून भागणारे नाही, आणि भागतही नाही. खाद्यात जाणारे थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल बऱ्याच अंशी कारखान्यात, पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार होते. रेणू तोच असतो, त्यामुळे कामात फरक पडत नाही. पण पिशवीवर हिरवे पान छापून 'निसर्गाची देणगी' म्हणून ते विकणे बरोबर नाही.

हा ढीग एका पक्ष्यापाशी आणला की उलट आश्चर्य वाटते. साडेतीन किलो खाद्यातून पक्ष्याला पस्तीस दिवसांत एकूण ३५० मिलिग्रॅम थायमॉल मिळते. ओव्याच्या भाषेत तेवीस-चोवीस ग्रॅम. कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. म्हणजे किलोला शंभर मिलिग्रॅम हे प्रमाण पोटात शिरताच तेहतीसवर येते. प्रयोगशाळेत ई. कोलाय रोखायला थायमॉल लागते लिटरला दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून बरेच जास्त. म्हणजे लागते त्याच्या सहाव्या हिश्श्याहून कमी. आणि पुढे आणखी गळती आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी डुकरांच्या पिलांना थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल आणि दालचिनीतले सिनामाल्डिहाइड पाजून माग काढला. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की, हे सगळे जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषले जाते. जिवाणूंची खरी वस्ती आतड्याच्या शेवटी, आणि औषध पोचते फक्त वेशीपर्यंत. म्हणून आता तेलाचे थेंब चरबीच्या बारीक मण्यांत बंद करून देतात, म्हणजे मणी विरघळेपर्यंत तेल पुढे सरकते. मात्रा सरळ दसपट करावी, तर खाद्याला एवढा उग्र वास येतो की पिले तोंड लावत नाहीत.

जुन्या अँटिबायोटिकशी तुलना करा. अव्होपार्सिन टनाला दहा ग्रॅमच्या आसपास देत. पाण्याने पातळ होऊन किलोला तीन मिलिग्रॅम उरे. त्याच्या निशाण्यावरच्या जिवाणूंना तेवढे पुरत असे. तेलाची मात्रा त्याच्या दसपट, पण गरज शेकडो पट. हा फरक समजून घेतल्याशिवाय 'अँटिबायोटिकला पर्याय' हे शब्द वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरेशी मात्रा पोचली तर हेच थायमॉल काय करते, त्याचा दाखला ब्रिटनमध्येच आहे, मात्र मधमाश्यांच्या पेटीत. बेसिंगस्टोकच्या एका कंपनीचा थायमॉलचा जेल तिथे पोळ्यातल्या व्हरोआ गोचिडीवर परवानाधारक औषध म्हणून विकला जातो. एका डबीत साडेबारा ग्रॅम थायमॉल. चाळीस हजार माश्यांचे वजन चार किलोंच्या आसपास. म्हणजे किलोमागे तीन ग्रॅमहून जास्त, आणि डब्या सहसा दोन ठेवतात. कोंबडीला अख्ख्या आयुष्यात किलो वजनामागे मिळते दीडशे मिलिग्रॅम. मधमाशीच्या बंद पेटीत वाफ कोंडून राहते, आणि मात्रा वीस पट. औषध म्हणून तेलाने काम करावे असे वाटत असेल तर प्रमाण हे असे लागते.

मग एवढ्या कमी मात्रेत तेले काहीच करत नाहीत का? तसे नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संस्थेने हा प्रश्न सगळ्यांत चिकाटीने लावून धरला. जॉन वॉलेस यांच्या नेतृत्वाखाली तिथून 'रुमेन-अप' नावाचा युरोपीय प्रकल्प चालला. त्यात पाचशे वनस्पती गोळा करून गाईच्या पोटातल्या जिवाणूंवर तपासल्या, आणि पुढच्या चाचण्यांसाठी मोजक्याच निवडल्या गेल्या. त्यानंतर २००४ पासून 'रिप्लेस' हा दुसरा प्रकल्प खास खाद्यातल्या अँटिबायोटिकच्या पर्यायांसाठी चालला. त्याच संस्थेतून २००३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसले होते की, तेलांचे मिश्रण गाईच्या पोटातले सगळे जिवाणू मारत नाही. प्रथिने जाळून अमोनिया करणाऱ्या थोड्या जिवाणूंना मात्र ते नेमके दाबते. म्हणजे सरसकट मारणे हा त्याचा गुण नाही. कोण वाढेल आणि कोण मागे राहील, यात ते थोडा फेरफार करते.

थोडा म्हणजे किती? धणे, युजेनॉल आणि जेरेनिल अ‍ॅसिटेट यांचे एक मिश्रण गाईला दिवसाला फक्त एक ग्रॅम देतात. गाईचे पहिले पोट शंभर लिटरहून मोठे आणि रोजचे कोरडे खाद्य वीस किलोंच्या आसपास. वीस किलोंत एक ग्रॅम म्हणजे वीस हजारांत एक. या मिश्रणावरचे अनेक प्रयोग एकत्र करून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्कॉटलंडच्या ग्रामीण महाविद्यालयाचे जेमी न्यूबोल्ड होते. चार आठवड्यांहून जास्त काळ दिल्यावर दूध सरासरी ३.६ टक्क्यांनी वाढले आणि मिथेन वायू दिवसाला सुमारे ९ टक्क्यांनी घटला. ब्रिटन वर्षाला पंधराशे कोटी लिटर दूध काढते. त्याचे ३.६ टक्के म्हणजे चोपन्न कोटी लिटर. तेवढे दूध खरोखर वाढेल असे मी म्हणत नाही, कारण हा एका मिश्रणाचा आणि निवडक कळपांचा आकडा आहे. पण ग्रॅमभर तेलाचा परिणाम देशपातळीवर कुठवर जाऊ शकतो, याचा अंदाज त्यातून येतो. युरोपीय संघानेही कार्व्हाक्रॉल, सिनामाल्डिहाइड आणि मिरचीचा अर्क यांच्या मिश्रणाला २०१५ मध्ये कोंबड्यांची वाढ सुधारणारा पूरक पदार्थ म्हणून मान्यता दिली आहे. 'पूरक' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. आजारी पक्षी बरा करण्याचा परवाना तो नव्हे.

एक धोकाही नोंदवला पाहिजे. १९९७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी ई. कोलायला पाइनच्या झाडाचे तेल असलेल्या जंतुनाशकात वाढवले. जे जीव तगले, त्यांनी पेशीत शिरलेले विष बाहेर फेकणारे पंप जोराने चालवायला सुरुवात केली होती, आणि त्याच पंपांनी ते कितीतरी अँटिबायोटिकेही बाहेर फेकू लागले होते. दोन स्वतंत्र चुका लागतात हा मघाचा हिशेब इथे कोसळतो, कारण एकच बदल दोन्ही कुलपे उघडतो. नैसर्गिक तेलाला प्रतिकार निर्माण होतच नाही, असे विक्रेता म्हणाला तर त्याला हा प्रयोग सांगावा. कोट्यवधी पोटांत कमी मात्रेत सतत काहीतरी घालत राहणे, हीच १९५३ ची चूक होती. पदार्थ बदलला म्हणून ती सवय निर्धोक होत नाही.

आणि तरीही ब्रिटनने अँटिबायोटिक कमी केले, तेही डोळे विस्फारावेत एवढे. २०१४ साली तिथे जनावरांसाठी ४२९ टन अँटिबायोटिक विकले गेले होते. किलो वजनामागे ६२ मिलिग्रॅम. वाढीसाठीच्या वापरावर आठ वर्षांपूर्वी बंदी आली असूनही! कारण 'रोग होऊ नये म्हणून' या नावाखाली तेच औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीवर खाद्यात जात होते. डुकरांत तर २०१५ मध्ये हा आकडा किलोला २७८ मिलिग्रॅम होता. अर्थतज्ज्ञ जिम ओ'नील यांनी २०१६ च्या आपल्या अहवालात इशारा दिला की, असेच चालले तर २०५० पर्यंत न जुमानणारे जिवाणू जगात वर्षाला एक कोटी माणसे मारतील. जनावरांतल्या वापरासाठी त्यांनी सुचवलेली मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम होती. ब्रिटनने ती त्याच वर्षी ४५ वर आणून पार केली. २०२२ मध्ये आकडा २५.७ वर होता, २०१४ च्या तुलनेत ५९ टक्के कमी. डुकरांचा २७८ वरून ७२ च्या आसपास आला. एकूण टन दोनशेच्या आत आले. कोंबड्या आणि डुकरे मात्र शेडमध्ये तेवढीच राहिली.

ही घट तेलांनी घडवली का? काही शेडमध्ये त्यांनी हातभार लावला असेल, पण मोठे काम दुसऱ्याच गोष्टींनी केले. लसीकरण वाढले. एक बॅच पूर्ण बाहेर काढून, शेड धुऊन, वाळवूनच दुसरी आत आणण्याची शिस्त आली. पिलांना आईपासून तोडण्याचे वय आणि त्या दिवसांतला आहार यांकडे लक्ष गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजणी आली. डुकरे पाळणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक औषधवही सुरू झाली. प्रत्येक फार्मला आपला आकडा आणि इतरांची सरासरी शेजारी-शेजारी दिसू लागली. आपला आकडा शेजाऱ्याच्या तिप्पट आहे हे दिसल्यावर माणूस आपोआप पशुवैद्याला बोलावतो. सरकारचा पशुऔषध विभाग दरवर्षी सगळा हिशेब छापतो. १७ मे २०२४ पासून तर अस्वच्छता किंवा दाटीवाटी झाकण्यासाठी अँटिबायोटिक देणेच तिथे बेकायदा आहे. स्वच्छ शेडमध्ये लस टोचलेल्या पिलाला तेलाची थोडी मदत नक्कीच होते. घाणेरड्या शेडमध्ये शंभर ग्रॅम काय, टनाला किलोभर ओतले तरी बाराशे परार्धांपुढे त्याचा निभाव लागणार नाही.

मोजणीचा आणखी एक फायदा ब्रिटनला डिसेंबर २०१५ मध्ये मिळाला. कोलिस्टिन या अखेरच्या औषधाला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये सापडल्याचे जाहीर झाले. ब्रिटिश प्रयोगशाळांकडे जिवाणूंचे चोवीस हजार जनुकनकाशे आधीच साठवलेले होते. ते महिन्याभरात चाळून त्यांनी हे जनुक असलेले पंधरा शोधून काढले. चोवीस हजारांत पंधरा. संख्या छोटी होती, पण ती माहीत असल्यामुळे शेतकऱ्यांनी कोलिस्टिन जवळजवळ शून्यावर आणले. भारतानेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली, आणि ते योग्यच झाले.

जगाचा हिशेब यापुढे फार मोठा आहे. २०२० मध्ये जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिकचा जागतिक अंदाज ९९,५०२ टन होता, आणि सर्वाधिक वापर करणाऱ्या पाच देशांत भारत आहे. २०१९ मध्ये प्रतिकारी जिवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज आहे. ब्रिटनची सगळी बचत या एक लाख टनांत पाव टक्क्याच्या आसपास येते. खरा फरक पडायचा तर तो आपल्यासारख्या देशांत पडेल.

महाराष्ट्रातला ब्रॉयलर शेतकरी बहुतेक वेळा करारावर काम करतो. पिले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज आणि कष्ट त्याचे. खाद्याच्या पोत्यात टनामागे काय आणि किती ग्रॅम आहे, हे त्याला सांगितले जाईलच असे नाही. त्याच्या दारात 'अँटिबायोटिकमुक्त, हर्बल' असे लिहिलेले पोते येईल तेव्हा त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: यात कोणता घटक किती आहे, तो आतड्याच्या शेवटपर्यंत पोचतो का, आणि गेल्या बॅचला किलोमागे किती मिलिग्रॅम अँटिबायोटिक लागले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांकडून दरवर्षी लेखी मागण्याचे काम पोल्ट्री संघटनांनी हाती घ्यावे आणि ते जाहीर करावे. त्यासाठी कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. ब्रिटनच्या कोंबडी उद्योगाने असा कार्यक्रम २०११ साली स्वतःहून सुरू केला होता, ओ'नील यांचा अहवाल येण्याच्या पाच वर्षे आधी.